साष्टीतला एक आयतवार

कॅथलिकांच्या दोन हजार वर्षांतला एकच प्रसंग डोळ्यांनी बघायला मिळणार असेल, तर मी रोमला जाणार नाही. हातकणंगल्याहून घाट उतरेन आणि गोव्यात साष्टीला जाईन.

तिथं आयतवारी फादर थॉमस स्टीफन्स नव्या ख्रिस्ती मंडळींना धर्म शिकवताहेत. एक जण उठून विचारतो, ‘आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशीच नवी का देत नाही?’ तो क्षण मला बघायचाय. पोर्तुगीजांच्या राज्यात देवळं पडलेली, पोथ्या गेलेल्या, आणि हा माणूस पाद्र्याकडं पुराण मागतोय! पुढं फादरांनी मराठी ओव्यांत लिहिलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच ही हकिकत आहे. 1616 साली रायतूरला ते छापलं गेलं, रोमन अक्षरांत. सुमारे 11 हजार ओव्या.

आपल्याकडं गुऱ्हाळ कुणी पाहिलेलं नाही? काहिलीत रस रटरटतोय, मळी निघतेय, गुळव्या पाकाकडं डोळा लावून उभा. गूळ चांगला निघाला की नाव गुळव्याचं. पण कापड घातलेली बादली पुढं ठेवली नाही, तर ढेप कशी होणार? ढेप पालथी केली की कापडाची वीण गुळावर उमटलेली दिसते. या पुराणातला रस बेथलेहेमचा, वीण मात्र ओवीची. ती ओवी ऐकत वाढलेल्या माणसांनी बादली पुढं केली, म्हणून. 1579 साली गोव्यात उतरलेल्या त्या इंग्रज पाद्र्यानं मराठीची गोडी ओळखली, हे खरंच. पण मागणारा विसरू नका.

आणि आपण काय करतो? या पुराणातल्या मराठीच्या स्तुतीच्या चार ओव्या भाषणात म्हणतो, टाळ्या घेतो, पुस्तक मिटतो. हे बरं नव्हे. पुढं 1684 साली पोर्तुगीज सरकारनं गोव्यातल्या लोकांना स्वतःची भाषा सोडायचा हुकूम केला. त्यानंतरही या ओव्या लोकांनी कशा जपल्या, मंगळूरपर्यंत त्या कशा गेल्या, हे सांगायचं होतं. पण वेळ संपत आलीय.

म्हणून पुन्हा तेच सांगतो. पुराण लिहिणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, मागणाऱ्याचं नाही. तो ऐकणारा होता, हे पुराण ऐकण्यासाठी होतं. वाचनालयात ते मागा. रात्री जेवणं झाली की घरातल्या एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.