मानवतचा फौजदार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चंडीगडात मराठी वक्त्यास विषय सुचवावयाचा म्हणजे पानिपत सुचवावयाचे, असा येथील शिरस्ता आहे. आमच्यापुढेही प्रथम तोच ठेवण्यात आला होता. तो आम्ही नम्रपणे परत केला, याचे कारण असे की, २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका प्रदर्शित झाल्यापासून आम्ही परभणीकडचे आहोत हे ठाऊक असलेली मंडळातील तरुण मंडळी आम्हाला भेटेल तेथे एकच प्रश्न करीत आहेत. काका, हे खरेच घडले होते का? गणेशोत्सवात आरतीचे तबक हाती असतानाही एका चिरंजीवांनी आम्हाला हा प्रश्न विचारला. तेथे उत्तर देणे प्रशस्त नव्हते. ते आज देत आहोत. बालगोपाळांना सरबताच्या निमित्ताने पलीकडच्या दालनात नेण्याची व्यवस्था कार्यवाहांनी केली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

होय, हे खरेच घडले. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या सुमारे चौदा महिन्यांत परभणी जिल्ह्यातील मानवत या गावी दहा खून झाले. त्यांत सुमारे दहा वर्षांच्या पाच मुली होत्या, चार स्त्रिया होत्या आणि एक तान्हे मूल होते. आपल्यापैकी जी मंडळी अंबाल्याला सचखंड एक्सप्रेस धरून नांदेडकडे जातात, त्यांची गाडी मानवत रोड हे स्थानक ओलांडून पुढे परभणीस पोहोचते. तेव्हा तेथे मीटरगेज होती. गाव स्थानकापासून आत आहे. कापसाची बाजारपेठ, नगरपालिका, पोलीस ठाणे, आठवड्याचा बाजार असे ते गाव होते. मराठवाड्यात अशी गावे कितीतरी आहेत, आणि अशाच एका गावी आमचे बालपण गेले.

त्या काळी आम्ही अगदीच लहान होतो, तेव्हा त्या दिवसांची साक्ष आम्ही देऊ शकत नाही. मात्र त्या भीतीचे आयुष्य त्या चौदा महिन्यांहून फार मोठे होते. आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हाही दिवेलागणीनंतर कोणी पोर अंगणाबाहेर राहिले की आमची आजी एवढेच म्हणे, “मानवत आठवतंय ना?” आम्हाला काहीच आठवत नसे, तरी आम्ही मुकाट्याने आत येत असू. गावच्या पिंपळाखालून जाताना मुली एकमेकींचे हात धरीत. पिंपळावर मुंजा असतो, हे आपणांस सांगावयास नको. मुंज झालेला आणि लग्नापूर्वीच गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही आपल्याकडील जुनी समजूत. फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे होते की, गुप्तधन मिळावे आणि एका निपुत्रिक स्त्रीस संतती व्हावी या हेतूने, एका मांत्रिकाच्या सांगण्यावरून, पिंपळाखालच्या या मुंजास रक्ताचा नैवेद्य दाखविण्यासाठी हे बळी घेण्यात आले.

मालिका पाहणाऱ्यांच्या मनात स्वाभाविकपणेच मुंबईहून गेलेले अधिकारी रमाकांत कुलकर्णी राहिले. मोठ्या योग्यतेचे अधिकारी. १९६८ साली मुंबईस रामन राघव प्रकरणाचा तपास त्यांच्याच देखरेखीखाली झाला होता, आणि पुढे ते महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. मालिका त्यांच्याच पुस्तकावर बेतलेली आहे. त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आमचे मन मात्र दुसऱ्याच एका मनुष्यापाशी घोटाळते. मुंबईचे साहेब येण्यापूर्वी जो तेथे होता, आणि मुंबईचे साहेब परतल्यानंतरही ज्यास तेथेच राहावयाचे होते, त्या गावच्या ठाण्याच्या फौजदारापाशी. कोणा एका व्यक्तीविषयी आम्ही बोलत नाही. त्या पदाविषयी बोलत आहोत. त्या खुर्चीवर कोणीही असता तरी त्याची अवस्था तीच झाली असती, असे आम्हास वाटते.

थोडा विचार करून पाहा. १९७२ चे वर्ष म्हणजे महाराष्ट्राच्या शतकातील एक मोठा दुष्काळ. खडी फोडण्याच्या कामांवर हजारो माणसे, धान्याच्या दुकानांपुढे रांगा, विहिरी कोरड्या. छोट्या ठाण्याचे मनुष्यबळ ते किती? एक फौजदार, दोन-चार जमादार, थोडे शिपाई. त्यांतून बंदोबस्त, समन्स, कोर्टाच्या तारखा आणि रात्रीची गस्त. अशात शिवारात एका गरिबाच्या मुलीचे प्रेत मिळते. पंचनामा होतो, प्रेत तपासणीसाठी जाते, गुन्हा नोंदला जातो. काही काळाने दुसरे प्रेत मिळते. पहिला खून हा एक गुन्हा असतो, दुसरा हाही स्वतंत्र गुन्हा असतो. या दोहोंना बांधणारा धागा आहे, असे ज्याच्या मनात प्रथम येते त्याची झोप उडते. कारण तसे म्हणणे म्हणजे तिसरा खून होणार असे म्हणणे.

शिवाय फौजदार गावातच राहतो. त्याची मुले त्याच शाळेत, त्याची पत्नी त्याच बाजारात. निजामी अमलात या अधिकाऱ्यास अमीन म्हणत, आणि आमची आजी शेवटपर्यंत ‘अमीनसाहेब’ म्हणूनच पोलिसांचा उल्लेख करी, तोही आवाज खाली आणून. ज्या गावात पोलिसाचे नाव आवाज खाली आणून घेतात, तेथे त्यास खरी बातमी कोण सांगणार? त्यातून बातमी गावातील वजनदार माणसांकडे बोट दाखविणारी असेल तर विचारावयासच नको.  मृत मुलींचे आईबाप ठाण्याच्या पायरीवर बसून राहत असतील, आणि आत बसलेल्या मनुष्यास खिडकीतून ते दिसत असतील. ही आमची कल्पना आहे. पण ज्याने छोट्या गावचे ठाणे पाहिले आहे, तो तिला अवास्तव म्हणणार नाही.

वरून जिल्हा विचारतो, जिल्ह्यास राज्य विचारते, वर्तमानपत्रे विचारतात. अशा वेळी तपास करणाऱ्या मनुष्यापुढे दोन मोह उभे राहतात. पहिला, हाती सापडेल त्यास बडवून कबूल करविण्याचा. दुसरा याहून सभ्य आहे आणि म्हणून अधिक फसवा आहे. गुन्ह्यात जो सामील आहे त्यासच आपल्या बाजूस घ्यावे, त्यास माफी मिळवून द्यावी, आणि त्याच्या तोंडून बाकीच्यांची नावे वदवावी. यास आपण माफीचा साक्षीदार म्हणतो. मानवतच्या खटल्यात असे माफीचे साक्षीदार होते, आणि सारा खटला पुष्कळ अंशी त्यांच्याच शब्दांवर तोललेला होता.

येथे किंचित कायद्याकडे वळणे भाग आहे. आम्ही वकील नव्हे, साधे बी. ए. आहोत, आणि जे काही कायद्याचे ज्ञान आहे ते सरकारी फायलींनी दिलेले आहे. इंग्रजांनी १८७२ साली केलेल्या पुराव्याच्या कायद्यातच पोलिसाजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य धरू नये असे म्हटले होते. ज्या राजवटीने हे पोलीस उभे केले, तिचाच त्यांच्यावर इतपतच विश्वास होता! १ जुलै २०२४ पासून नवे कायदे अमलात आले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या याच चंडीगडात त्यांच्या अंमलबजावणीचा मोठा समारंभ झाला. परंतु हा नियम नव्या कायद्यातही राहिला आहे. साथीदाराच्या साक्षीविषयी जुन्या कायद्यात दोन कलमे होती. एक म्हणे, केवळ साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा दिली म्हणून ती बेकायदा होत नाही. दुसरे म्हणे, महत्त्वाच्या बाबतीत दुजोरा नसेल तर असा साक्षीदार विश्वासास अपात्र आहे असे न्यायालयाने धरून चालावे. आम्ही प्रथम वाचले तेव्हा हे कायद्याचे दोन्ही डगरींवर हात ठेवणे वाटले होते.

खटला परभणीच्या सत्र न्यायालयात चालला. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, खंडपीठ त्या वेळी नव्हते. ते १९८१ सालचे. म्हणून प्रकरण मुंबईस उच्च न्यायालयात गेले आणि तेथून दिल्लीस. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. तो न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला आहे. आपणांपैकी ज्यांना इंग्रजी वाचनाचा कंटाळा नाही त्यांनी तो जरूर वाचावा, कारण मालिकेहून तो अधिक अस्वस्थ करतो. काही आरोपींच्या फाशीच्या शिक्षा कायम राहिल्या. परंतु ज्यांच्यावर साऱ्या कटाचे सूत्रधार म्हणून आरोप होता, ते सुटले. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दास प्रत्येक आरोपीपुरता वेगळा दुजोरा हवा, आणि त्यांच्याविरुद्ध तो नव्हता. त्यांची नावे आज येथे आम्ही उच्चारीत नाही, त्याचे कारण हेच. न्यायालयाने ज्यांस निर्दोष सोडले त्यांस पन्नास वर्षांनी चंडीगडच्या सभागृहात दोषी ठरविण्याचा अधिकार आम्हास नाही, मग आमच्या आजीचे मत काहीही असो.

याच निर्णयात न्यायमूर्तींनी पोलिसांविषयी काही कठोर शब्द लिहिले. त्यांना अधिकार मोठे असतात, गुन्हा उकलण्याच्या उत्साहात ते मर्यादा ओलांडतात, जो त्यांच्या एकांतातील ताब्यात येतो त्याच्यावर बळ वापरण्याचा त्यांस मोह होतो, आणि ही प्रवृत्ती अंकुरातच खुडली पाहिजे, अशा आशयाचे ते शब्द आहेत. आणखी एक मुद्दा त्यात आला, आणि त्याचा आपल्या या नगराशी संबंध आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने नवीच तरतूद केली होती की, दोषी ठरविल्यानंतर शिक्षा सांगण्यापूर्वी आरोपीस शिक्षेविषयी विचारावे. पंजाबातील संता सिंग याच्या खटल्यात हे विचारणे राहून गेले, म्हणून १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले होते. मानवतच्या निर्णयात न्यायमूर्तींनी म्हटले की, प्रत्येक वेळी परत पाठविलेच पाहिजे असे नाही, वरिष्ठ न्यायालयही ते ऐकून घेऊ शकते. पण ऐकले मात्र पाहिजे.

बंधुभगिनींनो, हे आम्ही पांडित्याने सांगत नाही. हा निर्णय आम्ही वाचला तो मालिकेमुळे वाचलेला नाही. त्याच्या पुष्कळ आधी, एका वेगळ्याच कारणाने वाचला, आणि ते कारण आजवर घरी सौभाग्यवतीखेरीज कोणास सांगितलेले नाही.

नोकरीच्या प्रारंभी हरियाणातील एका छोट्या गावी आमची नेमणूक होती. कार्यालयाचे नाव सांगत नाही. तेथील भांडारातून तांब्याच्या तारेची काही रिळे नाहीशी झाली. वरून पत्रावर पत्र येऊ लागले. प्राथमिक चौकशी आमच्याकडे सोपविण्यात आली. भांडारातील एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने, स्वतःवर शेकते असे पाहून, आम्हास एकांतात सांगितले की, तार एका शिपायाने नेली आणि आपण केवळ गप्प राहिलो. तो रडला. आम्हास ते रडणे खरे वाटले. शिपाई मितभाषी, काहीसा उर्मट, कोणाचा लाडका नव्हता. त्यास इंग्रजीत ज्ञापन देण्यात आले. त्याने कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडून दोन ओळींचे उत्तर लिहवून आणले की, मी हे केलेले नाही. आम्ही अहवाल लिहिला, वरिष्ठांनी तो मान्य केला, आणि त्याच्या तीन वेतनवाढी रोखण्यात आल्या. प्रकरण मिटले. आम्हास शाबासकीही मिळाली.

सहा वर्षांनी, बदलीच्या फेऱ्यात, आम्ही पुन्हा त्याच कचेरीत आलो. जुनी दप्तरे निकालात काढताना डाकवही हाती लागली. ज्या दिवशी तार गेली असे त्या कर्मचाऱ्याने सांगितले होते, त्या दिवशी तो शिपाई डाक घेऊन अंबाल्यास गेला होता. सकाळची नोंद, संध्याकाळची नोंद, दोन्हीपुढे त्याची वेडीवाकडी सही. ती वही त्या वेळीही आमच्या मेजापासून दहा पावलांवर होती. आम्ही ती उघडली नव्हती.

आम्ही त्याच्याकडे गेलो. तू हे तेव्हाच का सांगितले नाहीस, असे आम्ही विचारले. आणि आजही त्या प्रश्नाची आम्हास लाज वाटते. तो म्हणाला, “साहेब, कागद आला, कागदाचं उत्तर दिलं. तुम्ही बोलावून विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

माफीच्या साक्षीदाराविषयी कायदा काय म्हणतो, हे आम्ही त्यानंतर शोधून वाचले, आणि त्या शोधात मानवत पुन्हा समोर आले. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी ती दोन कलमे आम्हास त्या दिवशी नीट समजली. मग आपली चूक स्पष्ट लिहून आम्ही प्रकरण पुनर्विचारासाठी वर पाठविले. एका वरिष्ठाने सल्ला दिला की, जुनी भुते कशाला उकरता, तुमच्याच गोपनीय अहवालावर परिणाम होईल. परिणाम झाला किंवा नाही ते आम्हास ठाऊक नाही. वर्षभराने आदेश आला: शिक्षा रद्द, थकबाकी देय.

आदेशाची प्रत आम्ही स्वतः त्याच्या घरी नेऊन दिली. हिवाळ्याचे दिवस होते, तो अंगणात बाजेवर बसला होता. त्याने कागद वाचला नाही. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, मुलास चहा टाकावयास सांगितले, आणि आम्हास बसण्यासाठी बाजेवर जागा करून दिली.