साखळींतील पांखरूं

चित्राची थोरवी त्याच्या आकारावरून ठरत नाहीं. हॉलंडमधील हेग शहरीं मॉरित्सहाउस नांवाचें चित्रसंग्रहालय आहे. तेथें सुमारें ३३ सेंटिमीटर उंच व २३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे पुरी हातभरहि नव्हे, अशी एक रंगविलेली फळी आहे. तीवर पांढुरक्या भिंतीला लावलेली दाण्यांची पेटी, पेटीभोंवतीं दोन वांकविलेल्या दांड्या आणि वरच्या दांडीवर बसलेला एक चिमुकला गोल्डफिंच पक्षी. पायाला बारीक साखळी. एवढेंच. कारेल फाब्रिशियस या डच चित्रकारानें हें चित्र १६५४ सालीं काढलें.

विषयासाठीं त्याला फार दूर जावें लागलें नाहीं. त्या काळीं हॉलंडांतील घरोघरीं हा पक्षी हौसेनें पाळीत. शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी बादली चोंचीनें ओढून पाणी पिण्यास त्याला शिकवीत. त्याच्या लाडक्या डच नांवाचा अर्थच मुळीं ‘पाणी शेंदणारा’ असा आहे.

परंतु या पक्ष्यामागें एक जुनी कथाहि होती. काटेरी झुडपांचें बीं हें त्याचें आवडतें खाद्य आणि त्याचें मुख तांबडें. यावरून, ख्रिस्ताच्या मस्तकावरील मुकुटाचा कांटा उपटतांना रक्ताचा थेंब या पांखराच्या मुखावर पडला, अशी आख्यायिका युरोपांत रूढ झाली. म्हणून इटालियन चित्रकार बाळ येशूजवळ हा पक्षी दाखवीत. पुढील यातनांची ती सूचना असे. फ्लॉरेन्समधील राफाएलचें चित्र याचेंच उदाहरण होय.

फाब्रिशियसनें माता, बालक, कांटा हें सारें वगळलें. रेम्ब्रांटचा हा शिष्य. पण गुरूच्या काळोख्या पार्श्वभूमीऐवजीं त्यानें उजळ भिंत घेतली. दुरून पांखरूं सजीव भासतें. जवळ जावें तों रंगाचे मोजके फटकारे! साखळीचा अर्थ त्यानें कोठेंहि सांगितलेला नाहीं. कोणी तींत देहांत अडकलेला जीव पाहतो, कोणी ख्रिस्ताची वेदना. पण ती ओळखण्यास ग्रंथाची गरज नाहीं. ज्याला पंख आहेत, त्यालाच साखळी जाचते. पांखरूं धडपडत नाहीं, केविलवाणें दिसत नाहीं. तें केवळ पाहणाऱ्याकडे पाहतें.

त्याच वर्षीं, १२ ऑक्टोबर १६५४ रोजीं, डेल्फ्ट शहरांतील बंदुकीच्या दारूचें कोठार उडालें. शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. चित्र काढीत बसलेला फाब्रिशियस ढिगाऱ्याखालीं सांपडला आणि वयाच्या ३२ व्या वर्षीं मरण पावला. आज त्याचीं जेमतेम डझनभर चित्रें उरलीं आहेत. पांखराचें हें चित्र दोन शतकें विस्मृतींत होतें. एकोणिसाव्या शतकांत तोरे या फ्रेंच कलासमीक्षकानें तें पुन्हां उजेडांत आणलें आणि १८९६ सालीं तें हेगच्या संग्रहालयांत आलें.

ही हकीकत कळल्यावर त्या साखळींत चित्रकाराचेंच प्राक्तन दिसूं लागतें. परंतु कुंचला हातीं घेतांना पुढचें मरण त्याला ठाऊक नव्हतें, हें विसरतां कामा नये. त्यानें पाहिलें तें एक बांधलेलें पांखरूं, आणि तें त्यानें पांखरूं म्हणूनच रंगविलें. अर्थ मागाहून आपले आपण त्या दांडीवर येऊन बसले.