नखांची लाज



या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकत आला आहात. इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय यांवर बोलणारे विद्वान येथे येतात आणि श्रोत्यांची मान उंच करून जातात. मी मात्र आज आपणांस मान खाली घालावयास सांगणार आहे. रागावू नका, ती शरमेने घालायची नाही, स्वतःच्या पायांच्या बोटांकडे पाहण्यासाठी घालायची आहे. चालकांनी मला ‘कामगार आणि आरोग्य’ असा भारदस्त विषय सुचवला होता. इतकी वर्षे संघटनेचे काम केल्यावर माझ्या ध्यानात आले आहे की, भारदस्त विषयाला सगळे टाळ्या वाजवतात आणि घरी गेल्यावर कोणीच काही करीत नाही. म्हणून मी तो विषय उतरवत उतरवत पायाच्या अंगठ्यापर्यंत आणला.

विषय असा, की पायांची नखे बुरशीने पिवळी, जाड, ठिसूळ होतात. ती घेऊन चारचौघांत चपला घालून वावरायचे कसे?

हसू आले ना? येऊ द्या. पण आपल्याकडे हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. ज्या देशांत माणूस सकाळी बूट चढवतो आणि रात्री निजतानाच उतरवतो, तेथे नखे कोणाला दिसत नाहीत. आपण घराच्या उंबऱ्याशी वहाणा काढतो, देवळात काढतो, पंगतीला बसताना काढतो. वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवतो. लग्नात वधूच्या पायांत जोडवी घालतो, म्हणजे मुद्दाम चारजणांची नजर बोटांकडे नेतो. आपल्या समाजात पाय हा झाकून ठेवण्याचा अवयवच नाही. मग ज्याची नखे बिघडली त्याने काय करावे?

मी काय केले ते सांगतो. ऐन उमेदीत मी कापड धुऊन रंगवणाऱ्या एका कारखान्यात होतो. आठ तास जमिनीवर पाणी, पायांत गमबूट आणि बुटांच्या आत घाम. दोनतीन वर्षांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. त्या येत-जात राहिल्या. मग उजव्या अंगठ्याच्या नखाची कड पिवळी पडली, पुढे नख जाड झाले, त्याखाली भुसा साचू लागला. दुखत काहीच नव्हते. म्हणून औषध केले नाही. पण दिसत होते, म्हणून मोजे चढवले. वैशाखाच्या उन्हात मी मोजे आणि बूट घालून हिंडू लागलो. लोकांना वाटले, पुढारी झाला, आता याला चपला चालत नाहीत!

एकदा घरच्या कार्यात भाची पाया पडायला वाकली. मी नुकतेच मोजे काढले होते. तिचा हात पुढे आला तसे मी झटकन पाय मागे घेतले. पोर गोरीमोरी झाली. तिला वाटले, मामा कशावरून तरी रागावला आहे. मी काही बोललो नाही; काय बोलणार? मालकासमोर तास तास भांडणारा मी, पण ‘बाळे, माझे नख खराब आहे’ एवढे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्या रात्री मी ठरवले की, या गोष्टीचा छडा लावायचा.

मी डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आता जे सांगतो ते काही वाचून, बरेचसे डॉक्टरांना विचारून आणि उरलेले स्वतःच्या पायावर भोगून मिळवलेले आहे.

नख हे केरॅटिन नावाच्या चिवट द्रव्याचे बनलेले असते. केस, शिंगे, खूर यांतही तेच द्रव्य. बहुतेक जीवांना ते पचत नाही. परंतु बुरशीच्या काही जाती त्यावरच जगतात. पायांच्या नखांत बहुधा जी सापडते तिचे नाव ट्रायकोफायटन रुब्रम. १९१० साली कॅस्टेलानी या इटालियन वैद्याने तिचे वर्णन केले. तो त्या काळी सिलोनात काम करीत होता. जाणकारांचे मत असे की, ही बुरशी मूळची आग्नेय आशिया, पश्चिम आफ्रिका अशा उष्ण प्रदेशांतली. तेथली माणसे अनवाणी चालत, तेव्हा ती अंगावर नायट्यासारखी उठे. पायांत तिचा फारसा उपद्रव नसे. विसाव्या शतकात सैन्यांबरोबर आणि प्रवाशांबरोबर ती जगभर फिरली आणि बंद बुटांतल्या उबेत व ओलीत तिला कायमचे बिऱ्हाड मिळाले. म्हणजे गंमत पाहा. ज्या बुटाच्या आड आपण नख लपवतो, तो बूटच या बुरशीला जागा देणारा घरमालक आहे! आणि ज्या चपलेची आपल्याला लाज वाटते, ती चपल बोटांना वारा देते.

आपल्या जुन्या वैद्यांनाही पायांची ही दुखणी ठाऊक होती. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोग म्हणून जे लहानसहान रोग सांगितले आहेत, त्यांत ‘अलस’ आहे आणि ‘कुनख’ही आहे. घाण चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्या ओलसर होऊन खाजतात, आग होते, तो अलस. म्हणजे आपल्या चिखल्या. मार लागून नख रूक्ष, काळे, खरखरीत होते, ते कुनख. दोन्ही वेगळे सांगितले आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण आजही पहिली चूक तीच होते. नख वाईट दिसले की आपण बुरशी म्हणून मोकळे होतो. वास्तविक बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी निघते. बाकीची ठेचेने, आखूड बुटाने किंवा सोरायसिससारख्या कातडीच्या रोगाने तशी होतात. म्हणून आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावे. ते नखाचा चुरा खरवडून तपासायला पाठवतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. परीक्षा साधी आहे. पण ती न करता महिनोन्‌महिने औषध खाणे म्हणजे आरोपपत्र न देता कामगाराला बडतर्फ करणे होय! आणि एक इशारा देऊन ठेवतो. नखाखाली नव्यानेच काळी रेघ उमटली आणि ती रुंदावू लागली, तर ती बुरशी असेल असे समजून थांबू नका. क्वचित तेथे कर्करोगही असतो. ताबडतोब दाखवा.

आता उपायाचे. बुरशी ठरली, तर मोठ्या माणसाला डॉक्टर बहुधा टर्बिनाफिनची गोळी देतात, पायाच्या नखांसाठी साधारण १२ आठवडे रोज एक. कोणाला इट्राकोनॅझोल देतात. यकृताचा विकार असेल, हृदय कमकुवत असेल, दुसरी औषधे चालू असतील, तर ते आधी सांगितले पाहिजे. गरज पडल्यास रक्त तपासतात. दुखणे थोडेच असेल, तर नखावर लावायचे लाखेसारखे औषध असते. ते मात्र वर्षभर चिकाटीने लावावे लागते.

येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. तीन महिने गोळ्या खाल्ल्या तरी नख जसेच्या तसे, मग औषध खोटे, डॉक्टर खोटा! तसे नसते. पायाचे नख महिन्याला एक-दीड मिलिमीटरच वाढते. अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. बुरशी मेली तरी बिघडलेला भाग आपोआप सुधारत नाही. तो पुढे ढकलला जाऊन कापला गेला पाहिजे. म्हणून मुळाशी पाहावे. तेथे स्वच्छ नखाची चंद्रकोर दिसू लागली, की समजावे आपण जिंकत आहोत. संपातही असेच असते; निकाल उशिरा लागतो, वारे आधी फिरते. सगळ्यांचे नख पूर्ण सुधारते असेही नाही आणि बरे झालेल्यांपैकी कित्येकांना ते पुन्हा होते, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

दुकानातून आपल्याच मनाने मलम आणू नका. तीनचार औषधे एकत्र कालवलेल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते आणि बुरशी माजते; आपल्या देशात नायटा हटेनासा होण्याचे ते एक मोठे कारण मानले जाते. लिंबू, व्हिनेगर, हळद यांनी नखातली बुरशी जाते याला भरवशाचा पुरावा नाही. मेंदीने रंग झाकतो, रोग झाकत नाही.

पण ते दीड वर्ष काढायचे कसे? भगिनींचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. नख कोमट पाण्यात भिजवून सरळ कापावे, कोपरे कोरू नयेत. जाड भाग कानशीने हलक्या हाताने घासावा. एवढ्यानेच ते निम्मे सुधारल्यासारखे दिसते. नखे कापायचे साधन आपले वेगळे ठेवावे, घरातल्या कोणाला देऊ नये. एखाद्या कार्यापुरता नखांना रंग लावला तर आकाश कोसळत नाही; पण तो दुसऱ्या दिवशी काढावा, कारण त्याखाली ओल कोंडते आणि वरून लावायचे औषध पोचत नाही. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसाव्यात. पावसाळ्यात चामड्याची वहाण भिजून ओली राहते, तेव्हा धुऊन पुसता येईल अशी चपल वापरावी. दोन जोड असतील तर आळीपाळीने घालावेत. चिखल्या झाल्या तर त्या लगेच बऱ्या कराव्यात, कारण नखात शिरणारी बुरशी बहुधा तेथूनच येते. आणि घरच्यांना सांगावे की हे ओल्या फरशीवरून, एकमेकांच्या मोज्यांतून, पायपुसण्यावरून पसरू शकते. पंगतीला शेजारी बसल्याने नव्हे.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, नखासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर मला आमच्या एका सभासदाने दिले. त्याचे नाव सांगत नाही. त्याला मधुमेह होता आणि नखे माझ्यासारखीच. तोही लाजून बारा महिने बूट घाली. मधुमेहाने पायांची जाणीव कमी होते. जाड नख बुटात शेजारच्या बोटाला घासत राहिले, जखम झाली, ती चिघळली, तरी त्याला कळले नाही. मोजे घरी कोणासमोर काढत नसे, म्हणून बायकोलाही कळले नाही. वास यायला लागला तेव्हा इस्पितळात नेले. दोन बोटे काढावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “साहेब, नख दाखवायची लाज वाटली, आता पायच दाखवत बसलोय.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. मधुमेही माणसाने रोज रात्री पाय पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्याला दाखवावेत. नखे स्वतः खोल कापू नयेत. आणि अंगठ्यात पट्टी रुतणारी चपल सोडून मऊ तळाची, मागे पट्टा असलेली, ऐसपैस सँडल घालावी.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या धंद्याचा आहे. ज्याला आठ तास ओल्यात उभे राहावे लागते, त्याला ‘पाय कोरडे ठेवा’ असा उपदेश करणे ही थट्टा आहे. रंगखात्यातला कामगार, मासळीबाजारातली बाई, गटारे उपसणारा सफाई कामगार, हॉटेलात भांडी घासणारा पोरगा, यांचे पाय निष्काळजीपणाने बिघडत नाहीत, कामाने बिघडतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात हातपाय धुण्याच्या सोयीचे आणि ओले कपडे वाळवण्याच्या जागेचे कलम घातले होते. २०२० साली कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची जी संहिता संमत झाली, तिच्यातही अशी तरतूद आली. पण कागदावरचे कलम बेचक्या पुसत नाही. आमच्या वाटाघाटींत पगार, बोनस, रजा यांवर रात्री जागल्या. गमबुटांचा दुसरा जोड आणि ते वाळवायला चार फळ्या, ही मागणी मी स्वतः कितीतरी वर्षे मांडली नाही. का? तर मोठ्या माणसांच्या बैठकीत पायाच्या नखांचे नाव कसे काढायचे! माझ्या लाजेची किंमत माझ्यापुरती राहिली नाही, ती त्या सभासदानेही मोजली. पुढे आम्ही ती मागणी लिहून दिली, तेव्हा ती मिळायला एक बैठक पुरली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की झाकू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, मग घरच्यांना सांगा, आणि मग खुशाल चपला घालून हिंडा. ज्याच्या नजरेला तुमचे नख खुपते त्याला सांगा, “औषध चालू आहे, दीड वर्ष लागेल.” एवढ्या एका वाक्याने निम्मी लाज जाते, हा माझा अनुभव आहे.

माझ्या अंगठ्याचे नख आता पुष्कळ सुधारले आहे. एका कडेला अजून जाडच आहे. गेल्या दिवाळीला तीच भाची आपल्या मुलाला घेऊन आली. पोर पाया पडले आणि मोठ्याने म्हणाले, “आजोबा, तुमचं नख असं का?” सगळे गप्प झाले. मी त्याला जवळ बसवले आणि आत्ता तुम्हांला सांगितले ते सगळे त्याला सांगितले. भाची ऐकत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मामा, तेव्हा सांगितलं असतंत तर!”

तेव्हा सांगितले नाही, म्हणून आज आपल्यासमोर सांगितले.