नॉर्वेचे स्वातंत्र्य : तह आणि तटबंदी



1905 साली नॉर्वेने स्वीडनशी असलेले 91 वर्षांचे राजकीय ऐक्य मोडले आणि एकही लढाई झाली नाही. वादाचे निमित्त होते वाणिज्यदूतांचे. नॉर्वेची व्यापारी जहाजे जगभर फिरत. त्यांच्यासाठी त्या देशाला स्वतःचे दूत हवे होते. त्या कायद्यास राजे दुसरे ऑस्कर यांनी संमती नाकारली. मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि नवे मंत्रिमंडळ बनवणे राजास जमेना. पंतप्रधान मिकेल्सन यांनी हीच फट हेरली : मंत्रिमंडळ देऊ न शकणाऱ्या राजाची सत्ता घटनेनुसारच संपते. 7 जूनच्या संसदीय ठरावात ऐक्य संपल्याची घोषणा एका गौण वाक्यात आहे. व्याकरणाच्या शिक्षकांनी याची जरूर नोंद घ्यावी.

स्वीडनने जनमताचा पुरावा मागितला. 13 ऑगस्टला विभक्त होण्याच्या बाजूने 3,68,208 मते पडली. विरोधात केवळ 184. स्त्रियांना या मतदानात स्थान नव्हते. त्यांनी स्वतंत्रपणे 2,44,000 हून अधिक सह्या गोळा केल्या. पूर्ण मताधिकारासाठी मात्र त्यांना 1913 पर्यंत थांबावे लागले.

खरी कसोटी लागली ती कार्लस्टाडच्या वाटाघाटींत. सीमेवर सैन्य सज्ज असताना नॉर्वेला नव्याने बांधलेली तटबंदी पाडण्याचे मान्य करावे लागले. अनेकांना तो अपमान वाटला. पण त्यावाचून तह होत नव्हता. सीमेवर निर्लष्करी पट्टा ठरला, पुढील तंटे लवादाकडे नेण्याचे ठरले. 26 ऑक्टोबरला ऑस्कर यांनी नॉर्वेच्या सिंहासनावरील हक्क सोडला.