रोडगे कोण भाजणार?

घरात रेडिओ लागलाय म्हणून जाता-येता ऐकणाऱ्या भावांनो, आजच्या बोलण्यात तुमच्यासाठी काम आहे, तेव्हा उठून जाऊ नका.

सुट्या लागल्या. माहेरवाशिणी लेकरं घेऊन आल्या. आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, कारण जून अर्धा सरला तरी ऊन हटत नाही. म्हणजे मुक्कामही लांबतो. पाच माणसांच्या घरात दहा-बारा माणसं होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत कुरडया, पापड, शेवया, वर्षाचं तिखट-हळद हे सगळं अंगणात पसरलेलं असतं. अशात एक दिवस पोरं म्हणतात, वावरात जेवायला जाऊ. सगळे हो म्हणतात. ते ऐकून घरच्या बाईच्या पोटात मात्र गोळा येतो. वावरात जेवण म्हणजे काय, हे तिला माहीत असतं. पहाटे उठून पन्नास पोळ्या लाटायच्या, डबे बांधायचे, ते डोक्यावर न्यायचे, वाढायचे आणि परत आणून घासायचे. सुट्टी सगळ्यांची, तिची फक्त चूल बदलते. कधीकधी तीही बदलत नाही.

म्हणून आमच्या बचत गटाने काही उन्हाळ्यांपासून एक रीत पाडली आहे. वावरातलं जेवण वावरातच रांधायचं. घरून शिजवून काही न्यायचं नाही. आणि स्वयंपाक असा निवडायचा, जो आपल्या पुरुषांना येतो. तसा स्वयंपाक आपल्याकडे आहे, तो म्हणजे रोडगे. मारुतीच्या देवळापुढे भंडारा असला की गोवऱ्यांचा जगरा कोण लावतो? परातीत पीठ कोण मळतं? रोडगे कोण उलटतं? पुरुषच ना? देवळापुढे ज्या हातांना हे जमतं, त्यांना बहिणीसाठी आणि बायकोसाठीही जमायला हरकत नाही. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एका आजीने विचारलंच, "पोरांनो, बाप्यांना राखेत बसवता का?" तिला दुसऱ्या आजीने उत्तर दिलं, "देवळात बसतात ते काय गादीवर?" विषय तिथेच संपला.

एकनाथ महाराजांच्या भारुडात एक सून आहे. सासरच्या जाचातून सोडव, तुला रोडगा वाहीन, असं ती भवानीआईला म्हणते. आम्ही ते भारूड ऐकतो तेव्हा हसतो आणि मग एकमेकींना विचारतो, नवस पावला तर तो रोडगाही तिलाच करावा लागणार ना?

जेवण शाकाहारीच का, असं काही जण विचारतात. आमच्या गटात माळकरी बाया आहेत, महानुभाव पंथाची घरं आहेत. रोज मटण खाणाऱ्याही आहेत, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. पण सगळ्यांना एका पंगतीत बसायचं असेल तर ताटात असं काही हवं, जे सगळ्यांना चालतं. दुसरं कारण स्पष्टच बोलतो. गावात पार्टी म्हटलं की मटणाच्या मागे बाटली येते. बाटली आली की बाया-पोरं घरी राहतात. रोडग्यामागे बाटली येत नाही, निदान आमच्याकडे येऊ देत नाही.

वर्गणी रोख घेत नाही. मे महिन्यात वावरात मजुरी नसते आणि जूनच्या बियाण्या-खताची चिंता डोक्यावर असते. जिला पन्नास रुपये जड आहेत ती ते कधी बोलून दाखवत नाही. "माझं डोकं दुखतंय, तुम्ही जा," म्हणते आणि तिची लेकरंही घरी राहतात. म्हणून आम्ही शिधा घेतो. माणशी दीड वाटी कणीक, मूठभर तुरीची डाळ. ज्यांच्याकडे जनावर आहे त्यांनी घरटी दहा गोवऱ्या, ज्यांच्याकडे नाही त्यांनी सरपण किंवा पळसाची पानं. पिशवीवर नाव लिहायचं नाही. आल्याबरोबर सगळं पीठ एकाच मोठ्या परातीत ओतायचं. कुणी किती आणलं हे त्यामुळे कळत नाही. कुणाच्या घरचं पीठ, हाही प्रश्न मिटतो. तो प्रश्न गावात अजून विचारला जातो, तुम्हालाही माहीत आहे. तेल, भाजी, गूळ मात्र गटाकडून. बैठकीला उशिरा येणाऱ्यांचा जो दंड जमतो, त्यातून. तेव्हा उशीर करणाऱ्या मैत्रिणींचे आभार.

आता वही-पेन घ्या. पंचवीस माणसांचा अंदाज सांगतो.

साडेचार किलो कणीक लागते. रोडग्याचं दळण जाडसर हवं, गिरणीवाल्याला 'रोडग्याचं' म्हटलं की तो समजतो. घरोघरचं पीठ येतं, त्यात एखाद्या घरचं पोळ्यांचं बारीक पीठ असतंच. मग अर्धा किलो रवा मिसळायचा. थोडं मक्याचं पीठ असेल तर रोडगा आणखी खुसखुशीत होतो. किलोभर पिठाला पाऊण वाटी कडकडीत तेलाचं मोहन, चवीपुरतं मीठ, चमचाभर ओवा हातावर चोळून, चिमूटभर हळद. सोडा आम्ही घालत नाही, मोहन नीट असेल तर गरजही पडत नाही. मोहन पुरेसं झालं का, हे मुठीत पीठ दाबून पाहायचं. मुटका धरला तर झालं. मग पाणी बेताबेताने घालत पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट मळायचं. एवढं घट्ट पीठ मळायला मनगटात जोर लागतो, तिथे भावांना हाक मारा. ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवा.

नुसता गोळा वळून भाजला तरी रोडगा होतो, पण आतून गच्च राहतो. म्हणून पदर हवेत. सुपारीएवढी गोळी घ्यायची, तिला तेल लावायचं आणि छोट्या पारीत गुंडाळायची. वरून पुन्हा तेल, पुन्हा एक पारी. तोंड नीट बंद करायचं, नाहीतर राख आत शिरते. हे काम लेकरांना फार आवडतं. गोळे वेडेवाकडे होतात, होऊ द्या. पिठाचे सत्तरेक रोडगे होतात.

तोवर तिकडे गोवऱ्या पेटलेल्या हव्यात. गोवऱ्या पक्क्या वाळलेल्या घ्या, ओल्या गोवरीचा धूर रोडग्याला लागतो. पेटवायला पऱ्हाटी-तुराटी चालते. प्लास्टिकचा कागद, खताची पोती आणि रंग दिलेलं लाकूड जाळात टाकायचं नाही, ते विष अन्नाला लागतं. ज्वाळा आणि धूर संपून लालबुंद निखारे झाले की ते पसरायचे आणि रोडगे त्यावर ठेवायचे. इथे घाई करणाऱ्याला बसवू नका. सतत उलटत राहायचं, सगळ्या अंगांनी कडक साल धरेपर्यंत. मग ते फुफाट्यात, म्हणजे गरम राखेत दडपायचे. आगीतून फुफाट्यात ही म्हण माणसासाठी वाईट, रोडग्याला मात्र तेच मानवतं. अर्ध्या-पाऊण तासात आतपर्यंत भाजून निघतात. झालेला रोडगा स्वतःच तडकतो. शंका असेल तर एक फोडून पाहा. मग स्वच्छ गोणपाटात घालून दोघांनी दोन टोकं धरून हलवायचं, राख झडते. फोडून वर तूप सोडायचं. तूप नसेल तर कच्चं तेलही चालतं, लाजायचं कारण नाही.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी पानगे करावेत. तेच पीठ जरा सैल मळायचं, पळसाच्या पानावर जाड थापायचं, वर दुसरं पान ठेवून निखाऱ्यावर दोन्हीकडून भाजायचं. पळसाला फुलांनंतर नवी पालवी येते, त्यामुळे मे महिन्यात पानं ताजी मिळतात. पान करपलं की पानगा सुटून येतो आणि त्यावर पानाच्या शिरांची नक्षी उमटते. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना पानगा सोपा पडतो.

रोडग्याबरोबर वांग्याची भाजी हवीच. तीन किलो वांगी, किलोभर बटाटे. या दिवसांत वांगी बियाळ निघतात, म्हणून हाताला हलकी लागणारी, हिरव्या देठाची निवडा आणि चिरल्यावर कीड पाहून मिठाच्या पाण्यात टाका. पाव किलो शेंगदाणे, थोडे तीळ आणि एक वाटी सुकं खोबरं, लसूण, आलं. हे सगळं घरी भाजून, कोरडं वाटून न्या. गंजात तेल जरा सढळ हाताने, त्यात कांदा, वाटण, तिखट, काळा मसाला. तेल सुटलं की वांगी-बटाटे, मग गरम पाणी. वर तर्री आली पाहिजे, कारण रोडगा रस्सा पितो. दुसऱ्या गंजात दीड किलो तुरीच्या डाळीचं वरण. लसूण-जिऱ्याची, लाल मिरचीची फोडणी. याहून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

निखारे तयार झाले की सर्वांत आधी त्यात कैऱ्या टाका, दोन किलो. वीस मिनिटांत मऊ होतात. साल काढून गर, त्याच्या दीडपट-दुप्पट गूळ, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि माठातलं पाणी. लेकरं तहानलेली असतात, पन्हं पहिल्यांदा तयार झालं की स्वयंपाक शांतपणे होतो. दोन कैऱ्या किसून त्यात कांदा, गूळ, तिखट घालून टक्कूही करा. उरल्या निखाऱ्यात पोरांसाठी बटाटे. दह्याचं, दुधाचं काही नेऊ नका. शिजलेलं अन्न या उकाड्यात तासाभराच्या वर उघडं राहिलं तर भरवसा धरू नये. तिथेच रांधायचं आणि लगेच जेवायचं, याचं हेही एक कारण आहे.

वेळ संध्याकाळची ठेवा. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, दुपारी जगऱ्याजवळ बसणं म्हणजे जिवाशी खेळ. पाचनंतर निघा, चांदणी रात्र निवडा. तरीही कुणाला चक्कर आली, घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि वाट न पाहता दवाखाना गाठा. नुसता थकवा असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटघोट द्यायचं.

आगीचं मात्र कान देऊन ऐका. गहू-हरभरा निघालेलं वावर म्हणजे वाळलेलं काडच काड. जगरा गंजीपासून, धुऱ्याच्या गवतापासून लांब, हातभर खड्डा खोदून लावा. भोवतालची दहा पावलं जमीन झाडून मोकळी करा. वारा सुटला असेल तर त्या दिवशी बेत रद्द, हट्ट नको. पाण्याचे दोन ड्रम आधी भरायचे, मग काडी ओढायची. पदर खोचलेला, ओढणी बांधलेली, अंगावर सुती कपडे. निघताना गोवरी वरून विझलेली दिसते पण आत तासन् तास धगधगते, तेव्हा पाणी टाका, काठीने उकरा, पुन्हा टाका आणि हाताला गार लागेपर्यंत कुणीतरी तिथे थांबा.

पहिली पंगत बायांची आणि लेकरांची. गावात उलटं चालतं, पण इथे पुरुष जगऱ्यापाशी असतात, त्यामुळे गरम रोडगा आधी आपल्या पत्रावळीवर पडतो. हळदीकुंकवाला जिला कुणी बोलावत नाही, ती आमची मैत्रीणही याच पंगतीत, मधोमध बसते. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, म्हणजे ताटं घासायची नाहीत. उरतात दोन गंज, परात आणि डाव. ते कोण घासणार हे गावातून निघतानाच ठरवा. जेवण झाल्यावर ठरवायला गेलं की ते आपोआप आपल्याकडेच येतं. आमच्याकडे जावईबापूंवर टाकलं होतं. घासले त्यांनी, राखेने चकचकीत.

रोडगे उरतातच. कोरडे असतील तर कापडात बांधून आणा. सकाळी कुटून चुरा करायचा, तूप आणि किसलेला गूळ घालून हाताने कालवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायचीही गरज पडत नाही.