तंबोरा खरखरतो तेव्हा

बचत गटाची ताई म्हटलं की कर्ज, हप्ता, व्याज हेच बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आजही थोडा पैशांचा विषय आहेच, पण तो तंबोऱ्याच्या वाटेनं येणार आहे.

आमच्या गटातल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. मंडळाचा तंबोरा खरखरू लागला. एका दुकानदारानं नीट न पाहताच सांगितलं, "जुना झालाय, नवा घ्या." लगेच नव्या तंबोऱ्यासाठी कर्जाचा विषय बैठकीत आला. त्याहून वाईट म्हणजे, आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ मावशींना वाटलं की आपलाच आवाज बिघडला. "मी आता मागे बसून टाळ धरते," म्हणाल्या. तेव्हा ठरवलं, आधी दोष शोधायचा आणि मग पैशांचं बोलायचं.

पहिली गोष्ट, तंबोऱ्याचा प्रत्येक झणकार हा दोष नसतो. तार रुंद घोडीवरून जाते. घोडीचा माथा किंचित उतरता असतो आणि तार त्याला हलकेच घासत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा तुकडा असतो. त्यातून जो भरलेला, लांबत जाणारा नाद येतो, ती जवारी. ती हवीच. पत्रा वाजल्यासारखी, मध्येच तुटणारी खरखर मात्र नको असते.

आता शोधायचं कसं? हातातल्या बांगड्या मागे सारा. जवळची भांडी, टाळ, खिडकीची सैल काच यांच्यापासून तंबोरा दूर न्या. खरखर तिथूनही येते. मग चारही तारा एकेक करून छेडा. पहिली पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची. बाकीच्या तारांवर हात ठेवून त्या गप्प करा.

एकच तार खरखरत असेल तर दोष त्या तारेच्या वाटेवर आहे. दोरा झिजला का, ते पाहा. नवा सुती दोरा घालून, तार छेडत छेडत तो केसभर पुढेमागे सरकवा. एका जागी नाद उमलतो, तिथेच थांबा. सुरात बारीक फरक करायचा मणी घोडीला टेकला नाही ना, तेही बघा. तार गंजली किंवा मुडपली असेल तर बदला. वर खुंटीजवळ तार आपल्या खाचेत नीट बसली आहे का, तेही तपासा.

सगळ्याच तारांना खरखर येत असेल तर दोष अंगात आहे. एकीनं तार छेडावी आणि दुसरीनं भोपळा, तबली, सांधे आणि वरची नक्षी बोटानं हळूच दाबत जावं. जिथं दाबल्यावर आवाज थांबतो, तिथं काहीतरी सुटलंय किंवा चीर गेलीय.

आमच्याकडे खर्जाचा दोरा तुटायला आला होता आणि एक मणी घोडीला चिकटला होता. दोन्ही कामं दहा रुपयांच्या आत झाली. जोडीतली एक तार मात्र तरीही खरखरत होती. तारेनं घोडीवर खाच पाडली होती. तिथं आम्ही हात थांबवला. घोडी घासून जवारी काढणं हे कारागिराचं काम. घरी कागद घासला तर माथ्याचा उतार बिघडतो आणि मग घोडीच नवी लागते. मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून आणली. कर्जाचा विषय संपला. मावशी पुन्हा पुढे बसून गातात, आवाज त्यांचा पहिल्यासारखाच आहे.

मिरजेत शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा हातांना दुरुस्तीचं काम दिलं तर कलाही टिकते आणि आपले पैसेही वाचतात.

तेव्हा मैत्रिणींनो, तंबोरा भिंतीला ओल असेल तिथं ठेवू नका, त्याला गवसणी घाला, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसा. आणि सूर जुळत नसेल तर लगेच आपल्या गळ्याला दोष देऊ नका. एकदा तारही तपासा.