मूल वाचतं तेव्हा काय शिकतं?

(कर्जत तालुक्यातील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जत-खालापूर पट्ट्यात मी संध्याकाळचे वाचनवर्ग घेतो. दर जूनमध्ये पालक विचारतात, "मुलाला मराठी शाळेत घालू की उर्दू?" पण मूल वाचायला शिकतं म्हणजे काय शिकतं, हे आधी समजून घेऊ.

गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलं की वाचन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. लक्षात घ्या, बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. आठ वर्षांची मुलगी मकतबमध्ये नाझिरा अस्खलित पढते. जेर, जबर, पेश सगळे छापलेले असतात, म्हणून ती अडखळत नाही. अर्थ मात्र तिला कळत नाही. तीच मुलगी उर्दूच्या पुस्तकाशी अडते. लिपी जवळपास तीच, पण इथे बहुतेक जेर-जबर गाळलेले. शब्द कानाला ओळखीचा असेल तरच तो नीट वाचता येतो, आणि घरी तर कोकणी किंवा दखनी! अशा मुलीला 'कच्ची' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अरबी उलगडणाऱ्या पोरीच्या डोक्यात काही कमी नसतं.

मराठीचं दुखणं वेगळं. स्वर लिहिलेले असतात, पण चिन्हं फार. 'कि'ची वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर. 'र' सूर्यात डोक्यावर चढतो, चक्रात पायाशी जातो. सोनाली नाग यांच्या कन्नड मुलांवरच्या अभ्यासात दिसलं, की अशा लिपीत अक्षरांवर पकड यायला इंग्रजीपेक्षा बरीच जास्त वर्षं लागतात. म्हणजे दुसरीतलं मूल जोडाक्षराला अडलं तर घाबरू नका.

घाबरण्यासारखं आहे ते दुसरंच. पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन व सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा मागोवा घेतला. २०१७ च्या अहवालात दिसतं, की तिसरी संपतानाही अनेक मुलांना सोपा उतारा वाचता येत नव्हता. वेळ जायचा अक्षरं घोकण्यात आणि फळ्यावरचं उतरवण्यात. गोष्टी, गप्पा, मनाचं लिहिणं 'नंतर'साठी राखून ठेवलेलं.

आपल्याकडे दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलांची शाळा बुडते, आणि घरची बोली पुस्तकातली नसतेच. मोहल्ल्यातली आमची मुलं आणि वाडीवरची ती मुलं, अर्धी अडचण एकच आहे. हे बोललो की काहींना रुचत नाही. न रुचो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कंपाउंडच्या भिंतीचा विषय झाला की पुढच्या बैठकीत विचारा, पहिलीत रोज गोष्ट वाचून दाखवतात का? मुलाने घरच्या बोलीत उत्तर दिलेलं चालतं का? गोष्टीची पुस्तकं कपाटाबाहेर आहेत का? ज्या शाळेत याचं उत्तर 'हो' येईल, ती मराठी असो वा उर्दू, तिथे मुलाला घाला.

आणि ज्या आयांना वाचता येत नाही, त्यांनी रात्री गोष्ट सांगावी, कोकणीतच सांगावी. गुणाकाराची दुसरी बाजू तिथे वाढते. पुस्तकांची पेटी मागे ठेवली आहे, जाताना एकेक घेऊन जा. पुढच्या शनिवारी बदलून देऊ.